पीपीएफ की सिरॅमिक कोटिंग? नव्या गाडीच्या रंगासाठी नेमके कशाचे पैसे मोजायचे?

दादाने २०२५ च्या दसऱ्याला गाडी घेतली. २२ सप्टेंबरपासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला होता, त्यामुळे घरात सगळेच खुशीत होते. दसऱ्याच्या चार दिवस आधी उरलेले पैसे भरायला शोरूममध्ये गेलो, तेव्हा एक्झिक्युटिव्हने लॅमिनेट केलेले एक कार्ड टेबलावर ठेवले. ‘सर, एवढी नवी गाडी घेताय, रंगाचे काय? नाइन एच सिरॅमिक, पाच वर्षांची वॉरंटी. स्क्रॅच वगैरे विसरून जा.’ किंमत २२ हजार. करात वाचले त्यातले थोडे जातील, असा हिशेब करून दादाने मान डोलावली.

डिसेंबरमध्ये साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटाच्या अलीकडे पुढच्या डंपरमधून खडी उडाली. बॉनेटवरचा तांदळाच्या दाण्याएवढा रंगाचा टवका उडाला आणि खालचा राखाडी प्रायमर दिसू लागला. शोरूमला फोन केला तर उत्तर आले, ‘दगडाचा मार वॉरंटीत येत नाही.’ कार्डाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ते छापलेलेही होते.

मी मेकॅनिकल इंजिनीअर. त्या दिवशी दादाच्या शेजारच्याच खुर्चीत बसलो होतो आणि मीही ते कार्ड उलटून पाहिले नव्हते. म्हणून हा लेख.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी उत्तर आधीच सांगतो. पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, खडीचा मार झेलते. सिरॅमिक कोटिंग घाण चिकटू देत नाही आणि गाडी धुणे सोपे करते. ही दोन वेगळी कामे आहेत. एकाचे पैसे देऊन दुसऱ्या कामाची अपेक्षा केली की दादासारखी फसगत होते.

गाडीचा रंग किती जाड असतो?

हे कळले की पुढचे सगळे सोपे जाते. प्रिंटरमध्ये वापरतो तो साधा ए-फोर कागद घ्या. त्याची जाडी साधारण १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. कंपनीतून आलेल्या गाडीवरचे रंगाचे सगळे थर एकत्र मोजले तर ते साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. म्हणजे पत्र्यावर एक किंवा दीड कागद चिकटवला आहे, एवढेच.

त्या दीड कागदात चार थर असतात. सर्वांत खाली गंज रोखणारा ई-कोट. गाडीचा सांगाडा रंगाच्या टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने तो चढवतात, म्हणून तो कानाकोपऱ्यात पोहोचतो. त्यावर प्रायमर, त्यावर बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. आपण ज्याला गाडीचा रंग म्हणतो तो बेस कोट या सगळ्यांत पातळ असतो, १५-२० मायक्रॉनचा. ऊन, पाऊस, धूळ, कावळा-कबुतरांची शिट हे सगळे सोसतो तो क्लिअर कोट. त्याची जाडी ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम अर्धा कागद. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालचा रंग वाचवणारी रसायनेही याच थरात मिसळलेली असतात.

चकाकी आणण्यासाठी गाडीला मशीनने पॉलिश करतात, तेव्हा हाच अर्धा कागद थोडा थोडा घासला जातो. एका हलक्या पॉलिशमध्ये एखाद-दोन मायक्रॉन जातात, जाड कंपाउंड वापरले तर जास्त. दर सहा महिन्यांनी ‘रबिंग-पॉलिश’ करून घेणारी मंडळी गाडीची काळजी घेत आहोत असे समजतात. प्रत्यक्षात ते क्लिअर कोट संपवत असतात.

सिरॅमिक कोटिंग म्हणजे काय?

नावामुळे कपबशीसारखा टणक थर डोळ्यांसमोर येतो. बाटलीत असते ते मात्र सिलिकॉनयुक्त रसायनांचे पातळ द्रावण. कारागीर ते छोट्या पॅडने क्लिअर कोटवर पसरवतो, काही मिनिटांनी मायक्रोफायबर कापडाने जास्तीचे पुसून घेतो. उरलेला थर हवेतल्या बाष्पाशी अभिक्रिया करून कडक होतो आणि रंगाला घट्ट धरून बसतो. पहिला दिवसभर पाणी लागू द्यायचे नसते आणि साधारण आठवडाभर शाम्पूने धुवायचे नसते, ते यामुळेच.

वाळल्यावर या थराची जाडी किती? साधारण एक-दोन मायक्रॉन. कागदाच्या भाषेत बोलायचे तर एका ए-फोर पानाचा पन्नासावा ते शंभरावा भाग. ताशी ८० च्या वेगाने येणाऱ्या खडीसमोर हा थर असला काय आणि नसला काय, सारखेच.

मग त्याचा उपयोग काहीच नाही का? तर तसेही नाही. या थरावर पाणी पसरत नाही, अळवाच्या पानावर असते तसे थेंबाथेंबाने उभे राहते आणि घरंगळते. जाताना बरीच धूळ घेऊन जाते. चिखल, झाडाचा चीक, किडे हे सगळे कमी जोर लावून निघते. कमी घासावे लागते म्हणून ओरखडेही कमी पडतात. पक्ष्यांच्या शिटेसारख्या रंग खाणाऱ्या गोष्टींना थोडा वेळ थोपवून धरले जाते. गाडीला खोल चमक येते हेही खरे. पण कोटिंगच्या आधी गाडी पॉलिश करावीच लागते आणि पहिल्या दिवशी दिसणाऱ्या चमकेचा मोठा वाटा त्या पॉलिशचा असतो.

एक तोटा सहसा कोणी सांगत नाही. थेंब उभा राहतो, म्हणजे तो उन्हात तिथेच वाळतोही. सोसायटीत बोअरचे किंवा टँकरचे क्षारयुक्त पाणी असेल आणि गाडी धुऊन तशीच उन्हात सोडली, तर प्रत्येक थेंबाच्या जागी पांढरट गोल डाग राहतो. पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम तिथे बसलेले असते. काळ्या गाडीवर हे डाग लांबूनही दिसतात. कोटिंग असो वा नसो, धुतल्यावर गाडी कोरडी करावीच लागते.

‘नाइन एच’चे गौडबंगाल

जवळपास प्रत्येक जाहिरातीत ‘९एच हार्डनेस’ असते. ऐकणाऱ्याला वाटते, हिरा दहावर असतो, म्हणजे हे हिऱ्याच्या खालोखाल. हा गैरसमज दुरुस्त करण्याची तसदी विक्रेते क्वचितच घेतात.

हिऱ्याला १० मिळतात ते मोह्स मापनात. खनिजांची एकमेकांवर चरा पाडण्याची क्षमता त्यात बघतात. ९एच मधला ‘एच’ मात्र पेन्सिलवरचा आहे. शाळेत आपण एचबी पेन्सिल वापरायचो आणि इंजिनीअरिंग ड्रॉइंगला टूएच, त्याच मालिकेतली सर्वांत कडक पेन्सिल म्हणजे ९एच. चाचणीत पेन्सिलचे टोक सपाट करून, ४५ अंशांच्या कोनात, ठरावीक वजनाखाली रंगावरून ढकलतात. ९एच पेन्सिलने चरा पडला नाही तर कोटिंग ९एच.

पण पेन्सिलचे शिसे म्हणजे ग्राफाइट आणि माती. रस्त्यावरच्या धुळीत असते ती वाळू, म्हणजे क्वार्ट्‌झ. मोह्स मापनात क्वार्ट्‌झ सातवर आहे आणि शुद्ध ग्राफाइट एक-दोनच्या आसपास. तेव्हा ९एच कोटिंग केलेली गाडी धुळीच्या फडक्याने पुसली तर ओरखडे पडणारच. ‘स्क्रॅच विसरून जा’ हे वाक्य इथेच गळून पडते.

‘ग्राफीन कोटिंग’ नावाने मिळणारे उत्पादनही बहुतेक वेळा याच जातीचे असते, त्यात ग्राफीन ऑक्साइड मिसळलेले असते इतकेच. थरही तितकाच पातळ. आणि शोरूममध्ये काही हजारांत ‘टेफ्लॉन कोटिंग’ सांगतात, त्याबद्दल एकच गोष्ट: टेफ्लॉन वितळते ३२७ अंश सेल्सिअसला आणि पृष्ठभागावर नीट बसवायचे तर त्याहून जास्त तापवावे लागते. तव्याला ते जमते. तयार गाडीला एवढे तापवले तर वायरिंग आणि बंपर जागेवर राहणार नाहीत. गाडीवर लावतात ते एक प्रकारचे पॉलिश-मेण असते, काही महिन्यांत धुऊन जाते.

पीपीएफ वेगळी कशी?

ही बाटलीतून येत नाही, गुंडाळीतून येते. थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन, म्हणजे टीपीयू नावाच्या रबरासारख्या लवचीक प्लास्टिकची ही पारदर्शक फिल्म असते. जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन. दीड ते दोन कागद. म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगापेक्षा ही फिल्म जाड.

तिची सुरुवात गाडीसाठी झालीच नव्हती. व्हिएतनाम युद्धाच्या काळात वाळू आणि खड्यांमुळे अमेरिकी हेलिकॉप्टरची पाती झिजत होती. ती वाचवण्यासाठी थ्रीएम कंपनीने पॉलियुरेथेनची फिल्म तयार केली. पुढे ती शर्यतीच्या गाड्यांच्या पुढच्या भागावर आली आणि तिथून आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये.

खडी आदळली की ही फिल्म किंचित दबते आणि धक्का पसरवते, त्यामुळे रंगाचा टवका उडत नाही. मार जोराचा असेल तर फिल्मला छिद्र पडते, पण बहुतेक वेळा खालचा रंग वाचतो. तेवढाच तुकडा किंवा त्या भागाची फिल्म बदलता येते.

‘सेल्फ हीलिंग’ हा शब्द मात्र जपून ऐका. फिल्मच्या वरच्या थरावर पडलेले बारीक ओरखडे उष्णतेने भरून येतात, हे खरे आहे. ताणलेले रबर सोडल्यावर मूळ आकारात येते, तशातलाच प्रकार. गरम पाणी ओतले किंवा गाडी उन्हात ठेवली तरी चालते. अकोल्याच्या मे महिन्यात तर वेगळे काही करावे लागू नये. पण किल्लीने ओढलेली रेघ किंवा फिल्म कापणारा चरा भरून येत नाही.

फिल्म पिवळी पडते, ही तक्रार बरोबर आहे का? स्वस्त फिल्मच्या बाबतीत हो. टीपीयूमध्येही दोन जाती आहेत, ॲलिफॅटिक आणि ॲरोमॅटिक. दुसरी स्वस्त पडते आणि उन्हाने पिवळी होते. त्याहून खालच्या दर्जात ‘टीपीएच’ नावाने विकली जाणारी फिल्म येते. ती मुळात पीव्हीसीच्या घरातली. लावताना हुबेहूब टीपीयूसारखी दिसते, पण लवकर कडक होते, कडा सोडते आणि पिवळी पडते. आपल्याकडे सर्वाधिक खपतो तो पांढरा रंग आणि पिवळेपणा सर्वाधिक उठून दिसतो तोही पांढऱ्यावरच. पूर्ण गाडीची पीपीएफ कोणी फारच स्वस्तात देत असेल, तर पहिला प्रश्न ‘टीपीयू की टीपीएच’ हाच विचारा आणि उत्तर बिलावर लिहून घ्या.

लावणाऱ्याचा हात फिल्मइतकाच महत्त्वाचा. शाम्पूच्या पाण्यावर फिल्म सरकवून बसवतात आणि रबरी पट्टीने पाणी काढतात. पहिले काही दिवस दिसणारे पाण्याचे फुगे आपोआप जातात, आत अडकलेली धूळ जात नाही. शक्यतो प्लॉटरवर गाडीच्या मापाने आधी कापलेली फिल्म लावणारा स्टुडिओ निवडा. काही ठिकाणी फिल्म गाडीवर पसरून मग ब्लेडने कापतात. हात जरा जड पडला तर ज्या रंगासाठी हा खटाटोप, त्यावरच ब्लेडची रेघ उठते.

जुन्या गाडीचा एखादा भाग पुन्हा रंगवलेला असेल तर तसे आधी सांगा. ताज्या रंगावर महिनाभर तरी फिल्म लावू नये, कारण रंगातले द्रावक उडून जायचे असते. गॅरेजमधला रंग कमकुवत चढला असेल तर पुढे फिल्म काढताना तोही सोलून येऊ शकतो.

दोन्ही हवे असतील तर आधी फिल्म, तिच्यावर सिरॅमिक. उलट केले तर निसरड्या कोटिंगवर फिल्मचा गोंद धरत नाही.

पैशांचा हिशेब

दर शहर, गाडीचा आकार आणि फिल्म यांवर बदलतात, पण ढोबळ आकडे असे. सिरॅमिक कोटिंग १० ते ४० हजार. पूर्ण गाडीची टीपीयू पीपीएफ मध्यम आकाराच्या गाडीला ६० हजारांपासून दीड-दोन लाखांपर्यंत.

आता दुसरी बाजू. गाडीचे रंगवण्याजोगे भाग मोजले तर बॉनेट, छत, डिकी, चार दारे, चार मडगार्डे आणि दोन बंपर मिळून १३ होतात. छोट्या गाडीचा एक भाग रंगवायला पाच हजार धरले तर सगळी गाडी रंगवायचा खर्च ६५ हजार. म्हणजे महागडी फिल्म लावण्याच्या खर्चात गाडी पूर्ण रंगवून वर पैसे उरतात. मग फिल्म कशाला?

याचे उत्तर तापमानात आहे. कारखान्यात नुसता सांगाडा असतो, म्हणून क्लिअर कोट सुमारे १४० अंशांवर भाजता येतो. वर्कशॉपच्या बूथमध्ये तयार गाडी असते, तिथे ६० अंशांच्या फार पुढे जाता येत नाही. रसायनेही वेगळी. मूळ रंगाची सर सहसा पुन्हा येत नाही आणि रंगाच्या छटेत फरक राहतो तो वेगळाच. शिवाय जुनी गाडी विकताना तपासणारे लोक रंगाची जाडी मोजणारे यंत्र लावतात. १२० च्या जागी २५० मायक्रॉन दिसले की ‘अपघात झालाय का’ हा प्रश्न येतो आणि किंमत उतरते. (फिल्मवर यंत्र ठेवले तरी आकडा वाढतो. तेव्हा पीपीएफचे बिल जपून ठेवा, नाहीतर मूळ रंगाची गाडी रंगवलेली ठरायची.)

विमा आहे म्हणून निश्चिंत राहावे, तर तोही फसवा हिशेब आहे. प्रत्येक दाव्यात १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला एक हजार आणि त्यावरील गाडीला दोन हजार रुपये स्वतः भरावे लागतात. आणि नो क्लेम बोनस जातो. हा बोनस पहिल्या वर्षी २० टक्क्यांपासून वाढत पाच वर्षांत ५० टक्क्यांवर जातो. बॉनेटच्या एका टवक्यासाठी तो घालवणे परवडत नाही.

माझे मत विचाराल तर आठ-दहा लाखांच्या, शहरातच फिरणाऱ्या गाडीला संपूर्ण पीपीएफ हा हौसेचा खर्च आहे. हौस असेल तर जरूर करा, बचत म्हणून करू नका. मात्र ज्यांची धाव महामार्गावर आहे त्यांनी अर्धवट पीपीएफचा विचार करावा. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० ची मर्यादा आहे. ६० च्या वेगाने बसणाऱ्या माराच्या तुलनेत १२० ला तीच कपची चौपट ऊर्जेने आदळते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. गणपतीला मुंबई-गोवा महामार्गाने गावी जाणाऱ्यांना तर उखडलेल्या पट्ट्यांवरच्या खडीबद्दल वेगळे सांगायला नको. हा मार बसतो तो बंपर, बॉनेटचा पुढचा भाग, आरसे आणि चाकांमागच्या खालच्या पट्टीवर. छतावर आणि डिकीवर खडी क्वचितच येते. फक्त पुढच्या भागांची फिल्म पूर्ण गाडीपेक्षा खूपच स्वस्तात होते. त्यात दारांच्या कडा आणि हँडलमागची वाटी धरा. अंगठीचे आणि नखांचे ओरखडे तिथेच पडतात.

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी एक खुलासा. खाऱ्या हवेचा गंज बहुधा गाडीच्या पोटात, जोडांत आणि टवके उडालेल्या जागी सुरू होतो. वरून केलेले सिरॅमिक किंवा फिल्म गाडीच्या पोटाला वाचवत नाही. तिथे अंडरबॉडी कोटिंग आणि खालून साध्या पाण्याने धुणे याच गोष्टी कामाच्या.

खरा शत्रू पार्किंगमध्येच असतो

खडीचा टवका वर्षात एखादा. फडक्याचे ओरखडे मात्र रोज. सकाळी सहा वाजता सोसायटीत काय होते ते आठवा. गाडी पुसणाऱ्या दादांकडे एक बादली, एक फडके आणि पंधरा गाड्या. पाचव्या गाडीपर्यंत बादलीतले पाणी चहासारखे झालेले असते. त्या फडक्यात मागच्या चार गाड्यांची वाळू असते आणि ती गोल गोल फिरवली जाते. दुपारच्या उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतात, त्या या सकाळच्या. कोरड्या झटकणीने धूळ उडवणे हाही त्यातलाच प्रकार.

दोष त्या दादांचा नाही, महिन्याला पाच-सातशे रुपयांत आपणच त्यांना तसे काम सांगितलेले असते. आपल्या गाडीसाठी दोन स्वच्छ मायक्रोफायबर कापडे वेगळी द्या. रोज पुसण्याऐवजी आठवड्यातून दोनदा, आधी पाणी मारून धूळ वाहून गेल्यावरच हात लावायला सांगा. स्वतः धुणार असाल तर दोन बादल्या घ्या, एक शाम्पूची आणि दुसरी फडके खळबळायची. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर नको, गाडीचा सौम्य शाम्पू घ्या.

पक्ष्यांची शिट दिसली की त्याच दिवशी काढा. उन्हात रंग तापून मऊ पडतो, वाळणारी शिट आक्रसते, आणि थंड होताना रंगावर तिचा ठसा कायमचा बसतो. खरडू नका. ओले फडके पाच मिनिटे वर ठेवा आणि उचलून घ्या.

आणि हो, पूजा. आमच्या आईने ताज्या कोटिंगवर ओल्या कुंकवाचे स्वस्तिक काढले, हार चिकटपट्टीने लावला आणि ‘दोन दिवस तरी राहू दे’ म्हणाली. कोटिंग कडक व्हायच्या दिवसांत हे टाळलेले बरे. पूजा आधी करा, कोटिंग नंतर. डिलिव्हरीनंतर पंधरा दिवसांनी कोटिंग केले म्हणून काहीही बिघडत नाही.

शोरूममध्ये काय विचाराल?

‘डिलिव्हरी हवी तर कोटिंग घ्यावेच लागेल’ असे कोणी म्हणत असेल तर थांबा. एक वस्तू घेण्यासाठी दुसरी वस्तू किंवा सेवा घ्यायची अट घालणे ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार निर्बंधित व्यापार प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. ‘कोटिंग नसेल तर रंगाची वॉरंटी जाते’ असे सांगितले गेले, तर वॉरंटी पुस्तिकेत ते कुठे लिहिले आहे ते दाखवायला सांगा.

उत्पादनाचे पूर्ण नाव बिलावर घ्या. नुसते ‘सिरॅमिक पॅकेज’ असे लिहिलेले चालणार नाही. वॉरंटी कोटिंग बनवणाऱ्या कंपनीची आहे की दुकानाची, ते विचारा. दुकान बंद झाले तर दुसऱ्या प्रकारच्या वॉरंटीला अर्थ उरत नाही. पाच वर्षांच्या वॉरंटीला दरवर्षी पैसे भरून ‘मेंटेनन्स’ करायची अट बहुधा असते. एखादे वर्ष चुकले की वॉरंटी रद्द. ते पैसे मूळ किमतीत मिळवून पाहा. पीपीएफ असेल तर गुंडाळीवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या गाडीच्या नावे नोंदवला जातो का, ते पाहा. तिच्या वॉरंटीत साधारणपणे पिवळे पडणे, तडकणे, कडा सुटणे येते. खडीने पडलेले छिद्र येत नाही.

‘फिल्मवर तर बंदी आहे ना?’ असे काहीजण विचारतात. सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल गाडीच्या काचांवरच्या फिल्मबद्दल होता. रंगावरच्या पारदर्शक फिल्मचा त्याच्याशी संबंध नाही. रंगीत पीपीएफ लावून गाडीचा रंगच बदलणार असाल तर मात्र आरसीवरचा रंगही बदलून घ्यावा लागतो. त्यासाठी आधी आरटीओत चौकशी करा.

दादाच्या बॉनेटचे काय झाले? टवक्यावर आम्ही आधी कंपनीच्या रंग-क्रमांकाचा टच-अप पेन लावला, कारण प्रायमर उघडा राहिला तर पावसाळ्यात गंज धरायची भीती. मग बॉनेट आणि बंपरवर टीपीयू फिल्म लावायचे ठरवले. स्टुडिओवाल्याने आधी त्या भागांवरचे सिरॅमिक पॉलिश करून काढायला सांगितले. २२ हजारांतले निदान दोन भागांचे पैसे असे घासून काढताना दादा बाजूला उभा राहून बघत होता. उरलेल्या गाडीवरचे पाणी अजून छान घरंगळते, एवढे मात्र तो कबूल करतो.